गच्ची गळत नाही, तरी छत काळं का पडतं?

ताई, बेळगावच्या अनगोळहून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. घर वरच्या मजल्यावर, स्लॅब चौदा वर्षांचा. स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली झोपायची खोली, या दोन्हींच्या छताला कोपऱ्यांत काळे ठिपके येतात. गच्चीवर दोनदा वॉटरप्रूफिंगचा थर दिला, आतून दोनदा रंग काढला, ठिपके परत आले. धाकट्याला सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "पाऊस थांबून दोन महिने झाले की, तरी हे काळं वाढूलंय कसं?"

उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. पाऊस नसताना जे वाढतं त्याचं पाणी बहुतेक वेळा पावसाचं नसतं. तुमचे दोन्ही वेळचे पैसे गच्चीवर गेले, आणि माझ्या अंदाजाने ओल गच्चीवरून येतच नव्हती. अंदाज म्हणतो, कारण छत मी पाहिलेलं नाही. खात्री कशी करायची ते पुढे सांगतो. ते तुम्हाला घरच्या घरी, दोनशे-पाचशे रुपयांत करता येईल.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरदुरुस्तीची कामं करून मला सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीला मीही छताला बुरशी दिसली की गवंड्याला थेट गच्चीवर चढवायचो. टिळकवाडीत एका घराचा सगळा कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, उखडून नवा केला, उताराला उतार लावला, कठड्याच्या कडेने वाटा मारला, म्हणजे सांध्याला गोलाई दिली. काम चोख झालं होतं. पुढच्या जानेवारीत त्याच कोपऱ्यात तेच ठिपके. त्या घरात न्हाणीघराचं दार झोपायच्या खोलीत उघडत होतं, आणि पहाटे पाच माणसांच्या गरम पाण्याच्या आंघोळीची वाफ त्या खोलीत येऊन छताला लागत होती. त्या माणसाचे पैसे माझ्यामुळे वाया गेले, हे मला आजही बोचतं. तेव्हापासून पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय मी कुणाला एक रुपयाही खर्च करू देत नाही.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, तुमच्या घरात आणि माझ्याही. त्यांना खायला फार लागत नाही. डिस्टेंपर आणि पुट्टीतला चिकट भाग, फोडणीचा छताला बसलेला तेलकट पापुद्रा, धूळ, एवढं पुरतं. अडतं ते पाण्यावाचून. आणि इथे बहुतेकांची एक समजूत चुकते: बुरशीला छत ओलंचिंब लागत नाही. पृष्ठभागाला चिकटून असलेल्या हवेची आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहिली तरी ती उगवते. हात लावला तर छत कोरडं लागतं, म्हणून आपण म्हणतो, "ओल तर नाही." ओल असते, हाताला कळत नाही एवढंच.

आता हिवाळ्यातली तुमची खोली घ्या. रात्री दारं-खिडक्या बंद, आत तेवीस अंश तापमान, आर्द्रता पासष्ट टक्के. यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. पण हीच हवा सोळा अंशांना थंड झाली की तिच्यातलं पाणी बाहेर पडतं, दव धरतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, पहाटेचं तापमान चौदाच्या आसपास उतरतं, आणि गच्ची रात्रभर उघड्या आकाशाकडे तोंड करून आपली उष्णता सोडत असते. बाहेर लावलेल्या दुचाकीच्या सीटवर सकाळी दव दिसतं ना, तेच गच्चीवरही होतं. स्लॅबचा आतला कोपरा पहाटे सतरा अंशांवर आला, की त्याला टेकलेल्या हवेची आर्द्रता नव्वदीच्या पुढे जाते. थेंब दिसत नाही, पण बुरशीची सोय झालेली असते.

कोपराच का? मधल्या स्लॅबची उष्णता फक्त वर जाते. कोपऱ्याची वरही जाते आणि बाहेरच्या भिंतीतून, बीममधून, छज्ज्यातूनही जाते. शिवाय पंख्याचा वारा कोपऱ्यात पोचत नाही. म्हणून पंख्याभोवती मोठं गोल स्वच्छ आणि चारी कोपरे काळे, असं चित्र दिसलं तर मी गच्चीचा जिना चढण्याआधी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाहतो.

आणि हे पाणी घरात येतं कुठून? आपणच आणतो. गॅस जळताना पाणी तयार होतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने हवेत जातं. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत निव्वळ ज्योतीतून बावीस लिटरच्या आसपास पाणी तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत मिसळतं. भाताची, डाळीची, चहाची वाफ त्यात धरलेलीच नाही. माणसाच्या श्वासातून आणि घामातून दिवसाला लिटरभर. मशीनमधून पिळून काढलेले कपडे दोरीवर टाकले की त्यांतलं दोनेक लिटर. हे सगळं बंद घरात फिरत राहतं आणि सगळ्यात थंड जागा शोधून तिथे बसतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभा आणि मलप्रभेचं पाणी गावांत शिरलं, तेव्हा हे फार स्पष्ट दिसलं. पाणी कमरेपर्यंत चढून उतरलं होतं, छताला शिवलंही नव्हतं. तरी घरं उघडून पाहिली तर छतं काळी. भिंती आणि जमीन सुकताना त्यांतलं पाणी वर गेलं आणि छताला चिकटलं. स्लॅब शाबूत होते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे घर जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला आहे. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात बाहेरची हवाच नव्वद टक्क्यांच्या वर असते, आठवडे न् आठवडे. तिथे नवीन, न गळणाऱ्या स्लॅबलाही जुलैत बुरशी येते. तिथे नुसती "खिडक्या उघडा" ही सूचना अपुरी पडते, कारण आत येणारी हवाही ओलीच असते. उलट अथणीकडे पाऊस कमी, हवा कोरडी. तिथल्या घरात छताला बुरशी दिसली तर मी आधी गळतीच धरतो, पाण्याची टाकी, पाइप, कठड्याची भेग. बेळगाव शहर या दोन्हींच्या मधे. म्हणून इथे फसगत जास्त: जुलैचा डाग आणि जानेवारीचा डाग दिसायला सारखे, कारणं निराळी.

जुनी कौलारू घरं आठवा. खानापूरच्या कौलांच्या फटींतून चुलीचा धूर जायचा तशी वाफही जायची. भिंतींना दर वर्षी सणाच्या आधी चुना. ताजा चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशीला पाय रोवता येत नाही. कौलं उतरवून आपण स्लॅब घातला, सरकत्या काचेच्या घट्ट खिडक्या बसवल्या, चुन्याऐवजी प्लॅस्टिक पेंट आला. स्लॅब घातला यात काही चूक नाही, मीच शेकडो घातले. पण कौलांबरोबर वाफेची वाट गेली आणि तिच्या जागी दुसरी कुणी केली नाही. शहापुरातल्या गल्ल्यांत लांबट घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, खिडक्या फक्त पुढे आणि मागे. त्यांच्या मधल्या खोलीचं छत यामुळेच आधी काळं पडतं.

आता खात्री करून घेण्याचं काम. पहिली गोष्ट, जे दिसतंय ती बुरशीच आहे का? पांढरं, भुरभुरीत, मिठासारखं असेल तर तो लोणा. बोटावर घेऊन पाण्यात टाका. क्षार बहुधा विरघळतात, बुरशी विरघळत नाही. लोणा दिसला की पाणी काँक्रीट किंवा विटांमधून प्रवास करून आलंय हे नक्की, म्हणजे तिथे गळती किंवा पाझर शोधायचाच. काळ्या डागावर कपडे धुण्याच्या ब्लीचचा, पाणी घालून पातळ केलेला, एक थेंब कापसाने लावा. एक-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर धूळ-काजळी. देवघरावरच्या छताचा काळेपणा अनेकदा समई-उदबत्तीचा असतो.

मग आकार पाहा. चहा सांडल्यासारखा तपकिरी कडेचा डाग, एकात एक वर्तुळं, पावसानंतर मोठा होणारा, हा वरून येणाऱ्या पाण्याचा. स्लॅब आणि भिंतीच्या सांध्याला धरून आडवी रेघ असेल तर कठड्याखालची भेग. विखुरलेले मोहरीएवढे ठिपके, कोपऱ्यात दाट आणि मधे विरळ, हे खोलीतल्या वाफेचे. बुरशीच्या रंगाला फार महत्त्व देऊ नका. काळी म्हणजे विषारी आणि हिरवी म्हणजे साधी असं काही नसतं.

एक चिन्ह मात्र वेगळं काढून ठेवा. सळईच्या रेषेत गंजासारखे पट्टे, फुगलेला गिलावा, ठोकल्यावर पोकळ आवाज असेल तर तो प्रश्न बुरशीचा राहत नाही. आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचा तुकडा खाली पडू शकतो. त्याखाली कुणाला झोपवू नका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पंख्याच्या दांड्यावरून किंवा लाइटच्या पॉइंटमधून पाणी उतरत असेल तर आधी त्या भागाचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डातला खटका, पाडा, बाकीचं नंतर.

तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी चाचणी फॉइलची. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर चौकोन घ्या. डाग असलेल्या कोपऱ्याजवळची जागा पुसून, कोरडी करून, तो छताला चिकटवा. चारी कडा टेपने पूर्ण बंद. एक-दोन दिवस ठेवा आणि सूर्योदयाच्या आधी टॉर्च मारून पाहा. खोलीकडच्या बाजूला ओलसर धुकं असेल तर पाणी खोलीतलं. काढल्यावर छताकडची बाजू ओली असेल तर पाणी स्लॅबमधून येतंय. तुमच्या घरी ही चाचणी दोन कारणांनी नक्कीच करायची. विटांच्या कोब्यात पावसाचं पाणी आधीच मुरलेलं असताना वरून थर मारला, तर ते आत कोंडलं जातं आणि महिनोन् महिने खालच्या बाजूने सुकत राहतं. पाऊस थांबल्यावरही डाग वाढतो तो यामुळेही असू शकतो. पहिला थर पावसाळ्याच्या तोंडावर मारला होता की मेमध्ये, कोबा पूर्ण वाळला असताना, हे आठवून पाहा. चाचणी करण्याचं दुसरं कारण, खोलीतली वाफ आणि कोंडलेलं पाणी दोन्हीही एकाच वेळी असू शकतं, आणि मग एका उपायाने अर्धाच गुण येतो.

याच्या जोडीला एक साधा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, तापमान दाखवणारा. आठवडाभर पहाटे, दुपारी, आणि रात्री स्वयंपाक झाल्यावर आकडे वहीत लिहा. दव कुठल्या तापमानाला धरेल हे काढायला सोपा हिशेब आहे: शंभरातून आर्द्रता वजा करा, उरलेल्याला पाचने भागा, आणि तो आकडा खोलीच्या तापमानातून काढा. तेवीस अंश, पासष्ट टक्के. शंभर उणे पासष्ट पस्तीस, भागिले पाच सात, तेवीस उणे सात सोळा. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेल तेव्हा हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. कुणाकडे लांबून तापमान मोजणारं इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर पहाटे कोपरा मोजा. कोपरा आणि दवाचा आकडा यांत तीनेक अंशांपेक्षा कमी अंतर रोज राहत असेल, तर चोर सापडला.

मेस्त्री ओल मोजायचं यंत्र छताला टेकवून "बघा, किती ओल" म्हणाला, तर लगेच मान डोलवू नका. ती यंत्रं लोण्याच्या क्षारांनीही आकडा वर दाखवतात, पृष्ठभागाजवळ सळई असली तरी फसतात. डागाच्या जागेचा आकडा आणि त्याच छताच्या स्वच्छ जागेचा आकडा शेजारी ठेवले तरच त्याला अर्थ.

गच्चीची शंका उरलीच तर पाणी तुंबवून पाहा. गच्चीचं पाणी जाण्याची नळकांडी बंद करून दोन-तीन दिवस इंचभर पाणी उभं ठेवायचं आणि खालून पाहायचं. पावसाळ्याआधी, कोरड्या दिवसांत, आणि स्लॅबला भेगा किंवा गंजाचे पट्टे नसतील तरच. कुणी गच्चीवर पत्र्याचं शेड घातलं असेल तर पावसाचं पाणी बहुतांशी वजाच होतं. उरतात कठडा, टाकी आणि घरातली वाफ. तेच शेड रात्री स्लॅबला उघड्या आकाशापासून झाकतं, त्यामुळे स्लॅब फार गार पडत नाही. उलट उन्हाळ्यासाठी मारतात तो पांढरा परावर्तक रंग. उकाडा तो खरंच कमी करतो, पण दिवसा स्लॅब कमी तापला की हिवाळ्यातल्या पहाटे तो आणखी थंड असतो. तुमचा दुसरा थर पांढरा असेल आणि त्यानंतरच ठिपके वाढले असतील, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

नव्या घराबद्दल दोन शब्द, कारण हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. काँक्रीट कालवताना घनमीटरला पावणेदोनशे लिटरच्या आसपास पाणी पडतं, वर गिलाव्याचं आणि क्युरिंगचं. घरभरणीचा मुहूर्त गाठायला पुट्टी-रंग घाईने उरकला तर ते पाणी पहिल्या वर्षी आतूनच निघतं. त्या वर्षीची बुरशी पुसायची, हवा खेळती ठेवायची आणि थांबायचं. आणि कुणाचंही घर असो, गणपतीच्या आधी श्रावणात रंग काढण्याची आपली सवय छतापुरती तरी सोडा. भिंती वर्षातल्या सगळ्यात ओल्या असतात तेव्हाच आपण त्यांच्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवतो. मार्च-एप्रिलमध्ये रंगवा.

तुमच्या घरी चाचणीत वाफच निघाली, तर पहिला खर्च स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट फॅनवर. तो शेगडीच्या बाजूच्या भिंतीत, उंच, हवा थेट बाहेर टाकणारा हवा. नुसती गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी वाफेला काही करत नाही. भात शिजल्यावर आणखी पंधरा मिनिटं चालू ठेवा, आणि त्या वेळी झोपायच्या खोलीचं दार लावून घ्या. आंघोळीनंतर न्हाणीघराचं दार आतल्या बाजूला बंद आणि बाहेरचं व्हेंटिलेटर उघडं. हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते, तेव्हा सकाळी ऊन आल्यावर समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडल्या तरी पुष्कळ फरक पडतो. पावसाळ्यात कपडे खोलीत वाळवण्यावाचून गत्यंतर नसेल तर एकाच खोलीत, दार लावून, पंखा किंवा एक्झॉस्ट चालवून. जांबोटीकडच्या घरांना मी हवेतलं पाणी ओढणारं डीह्युमिडिफायर यंत्र घ्या म्हणून आता मोकळेपणी सांगतो. महाग आहे, पण दर दोन वर्षांनी गच्ची उखडण्यापेक्षा स्वस्त. हे सगळं करूनही कोपरा गारच राहिला तर गच्चीवर उष्णतारोधक थराचा विचार, त्याआधी नाही.

साफसफाई कशी करायची तेही सांगतो, कारण धाकट्याला शिंका येतायत. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने छत खरवडू नका, पंखाही बंद ठेवा. बीजाणू सगळ्या गादीवर पडतात. एन-९५ मास्क, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. डाग आधी पाण्याने ओलसर करा, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या, मग छत पूर्ण वाळू द्या. ब्लीच ओतून मारलेली बुरशी तिथेच राहिली तरी तिची ॲलर्जी येतेच, म्हणून ती पुसून काढणं महत्त्वाचं. ब्लीच वापरलंच तर संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये चुकूनही मिसळू नका, जीवघेणा वायू निघतो. मुलाला त्या दिवशी दुसऱ्या खोलीत ठेवा आणि डॉक्टरांना घरात बुरशी आहे हे सांगा. ओलसर, बुरशीच्या घरात दम्याचा आणि श्वसनाचा त्रास वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच याच विषयावरच्या मार्गदर्शिकेत नोंदवलं आहे.

रंग सगळ्यात शेवटी. बुरशीरोधक रंगाचा डबा आणायची घाई करू नका. ओल तशीच राहिली तर तो रंगही एक-दोन पावसाळ्यांत हार मानतो.

तर या आठवड्यात फॉइल लावा, वही सुरू करा. आणि झोपायच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला चिकटून कपाट असेल तर ते चार बोटं पुढे ओढून मागची भिंत पाहा. छतासारखेच ठिपके तिथेही असतील, तर फॉइल काढण्याआधीच तुम्हाला उत्तर मिळालेलं असेल.